फंड, पेन्शन आणि म्हातारपण : वाचकांच्या पत्रांना उत्तरं

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं एकाच दुखण्याची आहेत. पेन्शन एकदा ठरली ती ठरली, पुढे वाढतच नाही. पत्र लिहिणारे भांडुपचे आहेत, लालबागचे आहेत, कांदिवलीचे आहेत. कुणी चाळीत राहतं, कुणी सोसायटीत. सदर नव्याने वाचणाऱ्यांसाठी एवढंच सांगते की माझी उभी नोकरी विक्रोळीच्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात गेली. कामगारांचे फंडाचे फॉर्म भरणं आणि त्यांच्या पेन्शनचे कागद मार्गी लावणं हे माझं काम. आता शनिवारी दादरच्या एका ज्येष्ठ नागरिक संघात बसते आणि तेच काम करते. पत्रलेखकांची नावं नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी १ सप्टेंबर १९९९ रोजी एका औषध कंपनीत लागलो आणि ऑगस्ट २०२४ अखेर वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्त झालो. पंचवीस वर्षं एकाच कंपनीत, एकही खाडा नाही. शेवटी बेसिक आणि महागाई मिळून ३१ हजार रुपये होते. पेन्शन बसली आहे चार हजारांच्या आत. माझे मेहुणे महापालिकेतून निवृत्त झाले, त्यांना जवळजवळ निम्मा पगार पेन्शन आहे आणि वर महागाई भत्ता. कंपनीने माझे पैसे भरलेच नाहीत की काय, अशी शंका येते. आणि ‘जास्त पगारावर पेन्शन’ म्हणतात ती मला मिळू शकते का?
– एक वाचक, भांडुप

उत्तर : काका, तुम्ही दिलेल्या तारखांवरून मी हिशेब करून पाहिला. रक्कम बरोबर दिसते. कंपनीने पैसे खाल्लेले नाहीत. नियमच तसा आहे, आणि तो निवृत्तीच्या आधी कुणी समजावून सांगत नाही.

तुमच्या पगारातून १२ टक्के कापले जात होते, ते सगळे फंडात गेले. कंपनी जे १२ टक्के भरते त्यांतले ८.३३ टक्के पेन्शनकडे वळतात आणि उरलेले फंडात जातात. पण हे ८.३३ टक्के तुमच्या ३१ हजारांवर धरत नाहीत. पेन्शनसाठी पगाराची एक मर्यादा ठरवलेली आहे. २००१ पासून ती ६,५०० होती, १ सप्टेंबर २०१४ रोजी १५,००० झाली. म्हणजे तुमचा पगार कितीही असो, २०१४ पर्यंत दरमहा फार तर ५४१ रुपये आणि त्यानंतर फार तर १,२५० रुपये तुमच्या नावे पेन्शन योजनेत जात होते.

आता सूत्र. पेन्शनपात्र पगार गुणिले सर्व्हिसची वर्षं, भागिले ७०. तुमची सर्व्हिस २०१४ च्या तारखेवर दोन तुकड्यांत मोडते. पहिली १५ वर्षं ६,५०० च्या मर्यादेत : ६,५०० गुणिले १५ भागिले ७०, म्हणजे १,३९३ रुपये. नंतरची १० वर्षं १५,००० च्या मर्यादेत : २,१४३ रुपये. बेरीज ३,५३६. तुम्ही ५८ पूर्ण करून निवृत्त झालात म्हणून सर्व्हिसमध्ये दोन वर्षं बोनस मिळतात, त्याचे थोडे रुपये वर. झाले चार हजारांच्या आत.

मेहुण्यांशी तुलना करून त्रास करून घेऊ नका. त्यांची जुनी पेन्शन शेवटच्या पगारावर ठरते आणि महागाईबरोबर चढते. तुमची योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासूनची ‘कर्मचारी पेन्शन योजना’, आपण जिला ईपीएस-९५ म्हणतो. तिच्यात महागाई भत्ता नाही. २०२४ मध्ये ठरलेले चार हजार २०४४ मध्येही चारच हजार असतील. भाव वर्षाला सहा टक्क्यांनी वाढले असं धरलं तर वीस वर्षांनी त्या चार हजारांत आजच्या साडेबाराशे रुपयांचं सामान येईल. मला या योजनेबद्दल सगळ्यात जास्त राग येतो तो इथे. सुरुवातीची रक्कम कमी आहे हे एक वेळ सोसता येतं, कारण तेव्हा हातपाय चालतात, एखादं काम करता येतं. पण औषधांचा खर्च सत्तरी-पंचाहत्तरीत सुरू होतो आणि नेमकी तेव्हाच ही पेन्शन निम्म्याच्याही खाली उतरलेली असते. १५,००० ची मर्यादा २०१४ ला ठरली आणि दहा वर्षांहून जास्त काळ तिथेच राहिली. मुंबईत त्या काळात घरभाडं कुठून कुठे गेलं ते तुम्हाला मी सांगायला नको.

तरी दोन गोष्टी तपासा. तुमच्या पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या कागदावर, नोकरीला लागल्याची तारीख आणि ‘न भरलेले दिवस’ असा रकाना असतो. तो बारकाईने वाचा. आमच्या कारखान्यातल्या एका फिटरच्या कागदावर आजारपणाच्या बिनपगारी रजेचे दिवस दोनदा धरले गेले होते. पगारपत्रकांच्या प्रती जोडून अर्ज केल्यावर पेन्शन सुधारली, मागचा फरकही मिळाला. दुसरं, १९९९ च्या आधी दुसरीकडे नोकरी केली असेल आणि तिथली सर्व्हिस या खात्याला जोडलेली नसेल, तर तेही शोधा. तिथले पेन्शनचे पैसे त्या वेळी १०-सी फॉर्म भरून काढून घेतले असतील तर ती सर्व्हिस गेली. काढले नसतील तर अजून मोजता येते. तक्रार ऑनलाइन करता येते. शिवाय ‘निधी आपके निकट’ नावाची भविष्य निधी कार्यालयाची बैठक दर महिन्याच्या २७ तारखेला भरते, तिथे कागद घेऊन समोर बसता येतं. मी माणसांना तिथेच पाठवते, कारण समोरासमोर चूक लवकर दिसते.

‘जास्त पगारावर पेन्शन’ याबद्दल तुम्ही शेवटी विचारलं आहे. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ४ नोव्हेंबर २०२२ चा. त्याचा उपयोग ज्यांचा फंड मर्यादेपेक्षा जास्त, म्हणजे खऱ्या पगारावर भरला जात होता त्यांना होता, आणि अर्जाची मुदत ११ जुलै २०२३ ला संपली. तुम्ही तेव्हा अर्ज केला नसेल तर आता त्यामागे धावू नका. पैसे घेऊन ‘करून देतो’ म्हणणारे एजंट भेटतील, त्यांना दारातूनच परत पाठवा. फंडाची जी एकरकमी रक्कम मिळाली आहे तीच तुमची खरी पेन्शन समजा. तिच्याबद्दल खाली कांदिवलीच्या बाईंना लिहिलं आहे ते वाचा.

प्रश्न : हे पत्र मी माझ्या आजीसाठी लिहीत आहे. आजोबा गिरणीत होते. त्यांना १,२४० रुपये पेन्शन होती. ते तीन महिन्यांपूर्वी वारले. बँकेत गेलो तर ‘थांबा, वरून येईल’ म्हणाले. दरम्यान एका महिन्याची पेन्शन आजोबांच्या खात्यात जमा झाली, ती आम्ही काढली. आजी ६८ वर्षांची आहे, बाबा नोकरी करतात. तिला किती मिळेल? आणि शेजारच्या काकूंना ‘लाडकी बहीण’चे दीड हजार मिळतात, तसं आजीला काही मिळू शकतं का?
– एक विद्यार्थिनी, लालबाग

उत्तर : बाळा, आधी कामाचं सांगते. ‘वरून’ आपोआप येईल म्हणून थांबू नका. पेन्शन मागण्याचा १०-डी फॉर्म भरा. सोबत आजोबांच्या पीपीओची प्रत, मृत्यूचा दाखला, आजीचं आधार, तिच्या एकटीच्या नावाच्या खात्याचं पासबुक आणि फोटो जोडा. पीपीओवर आजीचं नाव आणि जन्मतारीख आधारसारखीच आहे ना ते आधी पाहा. जुन्या गिरणी कामगारांच्या कागदांत बायकोचं नाव घरातल्या हाकेच्या नावाने लिहिलेलं असतं, नाहीतर माहेरचं असतं. मग कागद महिनोन्‌महिने अडकतो. नाव जुळत नसेल तर फॉर्मबरोबरच प्रतिज्ञापत्र द्या, त्यांनी मागण्याची वाट पाहू नका.

आजोबांच्या पश्चात जमा झालेली रक्कम बँकेला लेखी कळवून परत करा. ती परत करावीच लागते. आपण होऊन केली की आजीच्या पेन्शनमधून कापून घेण्याची वेळ येत नाही.

आता किती मिळेल. पेन्शनर वारला की विधवेला त्याच्या पेन्शनच्या निम्मी मिळते. आजोबांच्या १,२४० चे निम्मे ६२०. पण किमान पेन्शन १,००० रुपये आहे, म्हणून आजीला हजार मिळतील.

ही किमान रक्कम सप्टेंबर २०१४ मध्ये ठरली. त्याच्या आधी, २०१३ मध्ये, राज्यसभेच्या याचिका समितीने ती तीन हजार करावी असं सुचवलं होतं. पेन्शनरांच्या संघटना साडेसात हजार आणि वर महागाई भत्ता मागत आल्या आहेत. जंतरमंतरवर ऐंशी वर्षांची माणसं उपोषणाला बसली आहेत. हजार रुपये म्हणजे दिवसाला तेहतीस रुपये. तुझ्या आजोबांच्या पिढीने या शहराचा कापूस कातला, १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला संप सोसला, गिरण्या बंद होताना पाहिल्या. त्यांच्या बायकांना आपण दिवसाला तेहतीस रुपये देतो याची मला लाज वाटते, आणि तसं मी जिथे बोलावलं जातं तिथे बोलते.

‘लाडकी बहीण’ ही २१ ते ६५ या वयासाठी आहे, त्यामुळे आजी बसत नाही. पासष्टीनंतर राज्याची ‘श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना’ आहे. तिचेही दीड हजार रुपये आहेत. पण दोघींच्या अटी शेजारी ठेवून बघ. लाडक्या बहिणीला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत चालतं. श्रावणबाळला २१,००० रुपयांपर्यंत. वर्षाला एकवीस हजार, महिन्याला १,७५०. मुंबईत महिन्याला १,७५० रुपयांत चालणारं कुटुंब कुठे असेल? तुझे बाबा नोकरी करतात असं तू लिहिलं आहेस, त्यामुळे तुमच्या घरी ही अट पुरी होत नाही. बाई चौसष्ट वर्षांची असताना मदतीला पात्र आणि सहासष्टाव्या वर्षी त्याच घरात, त्याच परिस्थितीत अपात्र, हे कुठल्या हिशेबाने ठरलं ते मला समजलेलं नाही. हे पत्र वाचणाऱ्यांत कुणी नगरसेवकाकडे किंवा आमदारांकडे ऊठबस असलेलं असेल तर हा मुद्दा त्यांच्या कानावर घाला : रक्कम वाढवा म्हणण्याआधी ती २१ हजारांची अट बदला.

तुमच्या चाळीत खरोखरच एकटी राहणारी, मागेपुढे कुणी नसलेली आजी असेल तर तिचा अर्ज मात्र नक्की करा. महाराष्ट्रात पंधरा वर्षं राहिल्याचा पुरावा, वयाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला घेऊन तहसीलदारांच्या संजय गांधी योजना कार्यालयात जायचं.

प्रश्न : आई ८२ वर्षांची आहे, अंथरुणाला खिळलेली. हयातीच्या दाखल्यासाठी बँक बोटांचे ठसे मागते आणि तिचे ठसे उमटतच नाहीत. मागच्या वर्षी खुर्चीत बसवून दोन मजले खाली उतरवलं. या वर्षी ते शक्य नाही.
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : उतरवू नका. ‘जीवन प्रमाण’ २०१४ पासून आहे आणि २०२१ पासून त्यात चेहरा दाखवूनही दाखला देता येतो. तुमच्या स्वतःच्या अँड्रॉइड फोनवर ‘आधार फेस आरडी’ आणि ‘जीवन प्रमाण’ अशी दोन अ‍ॅप्स घ्या. आईचा आधार क्रमांक, पीपीओ क्रमांक, खाते क्रमांक आणि ओटीपीसाठी मोबाइल जवळ ठेवा.

मी ठाकूरद्वारच्या एका चाळीत हे करून दिलं आहे, म्हणून अडचण कुठे येते ते सांगते. फोन पापणी लवायला सांगतो. म्हातारी माणसं फोनकडे टक लावून बघत बसतात, डोळे मिटत नाहीत, आणि फोन वेळ संपवून टाकतो. खोलीत उजेड कमी असला तरी तेच. पलंग खिडकीकडे वळवा, ट्यूब डोक्यामागे येऊ देऊ नका, चष्मा काढा, केस कपाळावरून मागे घ्या. आधी फोन बाजूला ठेवून आईला ‘डोळे मिट, उघड’ असं सांगत थोडा सराव करून घ्या, मगच फोन समोर धरा. त्या आजींचा चेहरा पदर खांद्यावर नीट घेतल्यावर आणि दार पूर्ण उघडल्यावर लगेच जमला.

जमलंच नाही तर पोस्टमन घरी येऊन दाखला करून देतो, पोस्ट ऑफिसात सांगून ठेवा. काही बँकाही घरी माणूस पाठवतात. आईची पेन्शन केंद्र सरकारची असेल तर ऐंशीच्या पुढच्यांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, नोव्हेंबरची गर्दी टाळा. ईपीएस-९५ ची असेल तर नोव्हेंबरचं बंधनच नाही. ज्या दिवशी द्याल तिथून एक वर्ष चालतो. दाखला दिल्याची तारीख पासबुकाच्या पहिल्या पानावर पेन्सिलने लिहून ठेवा.

प्रश्न : माझे पती ६१ वर्षांचे, मी ५८. त्यांना फंड, ग्रॅच्युइटी मिळून ४० लाख रुपये मिळाले. मासिक पेन्शन अगदी तुटपुंजी. बँकेतल्या मुलीने ‘एफडीपेक्षा चांगलं, आयुष्यभर पेन्शन’ म्हणून ५ लाखांचा चेक घेतला आणि बऱ्याच सह्या घेतल्या. बारा-तेरा दिवसांपूर्वी घरी जाडजूड पाकीट आलं. त्यात ‘वार्षिक हप्ता ५ लाख, ७ वर्षे’ असं लिहिलं आहे. आम्हाला तर एकदाच भरायचे असं सांगितलं होतं. आता काय करावं? उरलेले ३५ लाख कुठे ठेवू?
– एक वाचक, कांदिवली

उत्तर : बाई, हे मासिक हातात पडलं त्याच दिवशी कामाला लागा. विमा पॉलिसी पसंत नसेल तर कागद हाती आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. त्याला ‘फ्री लुक’ म्हणतात आणि तो तुमचा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नाही. पॉलिसी मिळाल्याची तारीख टाकून, ‘आम्हाला एकरकमी ठेव म्हणून सांगितलं होतं, दरवर्षीच्या हप्त्याचं सांगितलं नव्हतं, पॉलिसी रद्द करून पैसे परत द्या’ असं पत्र विमा कंपनीला द्या. बँकेला नव्हे, विमा कंपनीला. पोच घ्या आणि तेच ई-मेलनेही पाठवा. किरकोळ वजावट होऊन पैसे परत येतील. पाकिटावरची कुरिअरची चिठ्ठी जपून ठेवा, कागद कधी मिळाला याचा तो पुरावा आहे. ‘साहेब सुट्टीवर आहेत, पुढच्या आठवड्यात या’ असं कुणी म्हणालं तर परत येऊ नका. तीस दिवस त्यातच संपवले जातात. कंपनीने दाद दिली नाही तर ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार करा, त्यापुढे विमा लोकपाल आहेत, त्यांचं कार्यालय मुंबईतच आहे. तिथे वकील लागत नाही.

हे पैसे सुटले की मग पुढचं.

तुमच्या घराला पेन्शन नाही असंच धरून चालू. तर पहिली जागा पोस्टातली किंवा सरकारी बँकेतली ज्येष्ठ नागरिक बचत योजना. ती साठीनंतर उघडता येते, म्हणून पहिलं नाव पतींचं, दुसरं तुमचं. जोडीदाराला वयाची अट नाही. एप्रिल २०२३ पासून मर्यादा ३० लाख आहे आणि तेव्हापासून हे लिहीपर्यंत व्याज ८.२ टक्के. ३० लाखांवर दर तिमाहीला ६१,५०० रुपये, महिन्याला साडेवीस हजार पडतात. ज्या दराने खातं उघडलं तो दर पाच वर्षं बदलत नाही, ही या योजनेची सगळ्यात मोलाची गोष्ट. व्याज सरळ बचत खात्यात जाईल असं लिहून द्या, कारण योजनेच्या खात्यात पडून राहिलेल्या व्याजावर व्याज मिळत नाही.

सगळे ३० लाख एकाच खात्यात टाकू नका. दहा-दहाची तीन खाती करा. अचानक हॉस्पिटलचं निघालं तर मुदतीपूर्वी एक खातं मोडता येईल, बाकीची दोन तशीच राहतील. पहिल्या वर्षात मोडलं तर दिलेलं व्याज परत जातं, दुसऱ्या वर्षात दीड टक्का कापतात, नंतर एक टक्का.

पाच लाख पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत ठेवलेत तर ७.४ टक्क्यांनी महिन्याला ३,०८३ रुपये. हे खातं तुमच्या नावाने पहिलं उघडा, म्हणजे दोघांच्याही नावे काहीतरी स्वतंत्र चालू राहील. पॉलिसीतून परत आलेले पाच लाख बँकेत साध्या मुदत ठेवींमध्ये, दुखण्याखुपण्यासाठी. त्यांना हात लावायचा नाही.

आता एक धोका सांगते, कारण विकायला येणारे तो सांगत नाहीत. पाच वर्षं संपली की त्या वेळच्या दराने पुन्हा गुंतवावं लागतं. एप्रिल २०२० मध्ये याच योजनेचा दर ८.६ वरून एकदम ७.४ टक्क्यांवर आणला गेला. महिनाभर आधी १५ लाख ठेवणाऱ्यापेक्षा त्या महिन्यात ठेवणाऱ्याचं महिन्याचं उत्पन्न दीड हजारांनी कमी बसलं, तेही लॉकडाऊनमध्ये. वर्षभराने, ३१ मार्च २०२१ ला, तो साडेसहा टक्के करण्याचा आदेश रात्री निघाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मागे घेतला गेला. त्या रात्री आमच्या संघातल्या किती जणांचे फोन आले! माणूस साठीला सगळी कमाई सरकारच्या हाती सोपवतो आणि दर तिमाहीच्या शेवटी बातमीकडे कान लावून बसतो, ही त्याच्या उतारवयाची रीत होऊ नये असं मला मनापासून वाटतं. तोवर आपल्या हाती एवढंच की येणारं सगळं व्याज खर्चून टाकायचं नाही. सुरुवातीची पाच-सात वर्षं, जोवर तब्येत साथ देते, महिन्याचे तीन-चार हजार बाजूला टाकत राहा. भाव वाढतील तेव्हा मुद्दलाला हात न लावता तीच भर कामी येईल.

कराचं थोडक्यात. एवढ्या उत्पन्नावर तुम्हाला कर लागणार नाही, पण वर्षाचं व्याज एक लाखाच्या वर गेलं की ज्येष्ठांचाही टीडीएस कापला जातो. तो कापू नये म्हणून द्यायचा अर्ज दर एप्रिलमध्ये न विसरता द्या. आणि प्रत्येक खात्यावर नामनिर्देशन झालंय ना, ते पावतीवर छापलेलं बघून मगच काउंटर सोडा.

प्रश्न : मी राज्य सरकारच्या रुग्णालयात परिचारिका आहे, २०१० मध्ये लागले. २०२३ च्या संपात आम्हीही होतो. जुनी पेन्शन परत येणार का? केंद्रासारखी नवी योजना घ्यावी का?
– एक वाचक, परळ

उत्तर : १ नोव्हेंबर २००५ पासून राज्यात लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, त्यासाठीच मार्च २०२३ चा तो संप झाला. त्यानंतर केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये ‘युनिफाइड पेन्शन’ जाहीर केली, आणि लगोलग राज्य मंत्रिमंडळानेही तसा निर्णय घेतला. केंद्राच्या योजनेत २५ वर्षं सेवा झाली की शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन, वर महागाईची भर. १० वर्षं सेवा असेल तर किमान १० हजार. तुमची २५ वर्षं २०३५ ला होतात. त्याआधी निवृत्तीचं वय येत असेल तर रक्कम सेवेच्या प्रमाणात घटेल. पर्याय एकदा दिला की मागे फिरता येईलच असं धरू नका. आस्थापना शाखेकडून आताच्या आणि नव्या अशा दोन्ही योजनांचा लेखी हिशेब मागा आणि शासन निर्णयाची प्रत स्वतः वाचा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या तक्त्यांवर विसंबून सही करू नका. मी असते तर महागाईची भर जिथे आहे तिकडेच वळले असते. भांडुपच्या काकांचं वरचं पत्र वाचलंत तर का ते कळेल.

प्रश्न : मी चार घरी धुणंभांडी, पोळ्या करते. वय ३५. नवरा नाही, मुलगा नववीत आहे. मालकीणबाई हे पत्र लिहून देत आहेत. म्हातारपणी मुलावर ओझं व्हायचं नाही. महिन्याला चारशे-पाचशे बाजूला टाकू शकते. काय करू?
– एक ताई, चेंबूर

उत्तर : ताई, पस्तिशीत हा विचार केलात हे फार चांगलं झालं. चाळीस उलटले की यातलं काहीच घेता येत नाही.

तुमच्यासाठी दोन सरकारी योजना आहेत. पहिली ‘अटल पेन्शन’. ३५ व्या वर्षी सुरू केली तर महिना ३६२ रुपये भरून साठीनंतर दोन हजार पेन्शन, ५४३ भरून तीन हजार, ९०२ भरून पाच हजार. तुमच्यानंतर जमलेली रक्कम मुलाला मिळते. पाच हजारांच्या पेन्शनमागे ती साडेआठ लाख आहे. दुसरी ‘श्रमयोगी मानधन’. त्यात तुम्ही १५० भरायचे, सरकार १५० घालतं, साठीनंतर तीन हजार. ती स्वस्त आहे, पण तिची पेन्शन पुढे फक्त जोडीदाराला जाते, मुलाला नाही. तुम्ही एकट्या आहात आणि मुलगा लहान आहे, म्हणून तुमच्यासाठी मी अटल सांगेन.

पण खरं ते सांगते, म्हणजे पुढे फसल्यासारखं वाटणार नाही. पाच हजारांची पेन्शन घेतली तरी, भाव वर्षाला सहा टक्क्यांनी वाढले असं धरलं तर, पंचवीस वर्षांनी त्या पाच हजारांत आज साधारण पावणेबाराशे रुपयांत येतं तेवढंच येईल. ही पेन्शनही वाढत नाही. तेव्हा ३६२ ची सुरू करा. वर्षातून एकदा ती वाढवता येते. एखादं काम वाढलं की ५४३ करा, मुलगा कमावता झाला की ९०२. नुसत्या पेन्शनवर राहू नका. पोस्टात शंभर रुपयांचं आवर्ती खातं जमलं तर उघडा.

आणि हे मालकीणबाईंसाठी. तुम्ही चौघीजणींनी मिळून दरमहा शंभर-शंभर रुपये पगाराव्यतिरिक्त त्यांच्या खात्यात टाकलेत तर हा हप्ता त्यांच्या खिशातून जाणारच नाही. कारखान्यात मालक फंडात भर घालतो, ते कायद्याने त्याला करावं लागतं. घरकामाला तो कायदा नाही, म्हणून आपण होऊन करायचं. बँकेत पहिल्यांदा जाल तेव्हा बरोबर जा, फॉर्ममध्ये वारस म्हणून मुलाचं नाव आणि तो अठराच्या आतला आहे म्हणून पालकाचं नाव लिहिलं गेलंय का ते बघा. हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो, त्यामुळे त्या तारखेला खात्यात पैसे हवेत. नसले तर दंड बसतो. पगार सात तारखेला होत असेल तर कापायची तारीख त्यानंतरची मागून घ्या.